जप्त झालेल्या १८० पत्त्यांबद्दल

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पोळा झाला की आपल्या पेपरात ती बातमी येतेच. अमुक शिवारात जुगारावर धाड, इतके जण ताब्यात, बावन्न पत्ते, नगदी आणि मोटरसायकली जप्त. यंदा त्या बातमीच्या खाली एक चौकट होती, शाळकरी मुलांतही पत्त्यांचं वेड, पालकांनी वेळीच लक्ष द्यावं वगैरे. ती चौकट आमच्याच भागातली आहे, आणि शाळेनं जे पत्ते जप्त केले असं त्यात लिहिलंय ते माझ्या दुकानात, माझ्या कटरवर कापलेले आहेत. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कापायचं असेल तर मधून कापा पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

दारव्हा तालुक्यात एका फाट्यावर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, आधारची झेरॉक्स, जूनमधे वह्या-पुस्तकं, बाकी वर्षभर गोळ्या-बिस्किटं आणि रिचार्ज. त्याआधी मी चार वर्षं पुण्यात नोकरीला होतो, लॉकडाऊनमधे गावी आलो तो इथंच राहिलो. हे सांगायचं कारण पुढं येईल.

तर पहिले माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी यवतमाळचा माल टाकणारा माणूस एक लड देऊन गेला, दहा रुपयाचं बंद पाकीट, आत पाच कार्डं, वरती पोकेमॉन कार्टूनमधला पिवळा पिकाचू. म्हणे ठेवून पाहा भाऊ, चिप्सपेक्षा जास्त चालते. आणि चाललं ना बाप्पा. आठवड्यात लड संपली, मग मी दोन लडी घ्यायला लागलो, मग पेटीच. पोट्टे शाळा सुटली की दुकानाच्या पायरीवरच पाकीट फाडायचे, चार कार्डं खिशात कोंबायचे आणि पाचवं उन्हात तिरपं धरून बघायचे चमकते का. नाही चमकलं की परत काउंटरवर. एकदा एक सहावीतला पोरगा आला, माझ्याकडं कुरिअरची पाकिटं मोजायला छोटा डिजिटल काटा आहे त्याच्याकडं बोट दाखवून म्हणते, "काका, पाकिटं एकेक काट्यावर ठेवून पाहू का? चमकीवालं कार्ड जड असते म्हणे." मी हसलो पण त्याला ठेवू दिले. त्यानं वीसेक पाकिटं मोजली, त्यातलं जे पाव ग्रॅमनं जड निघालं ते घेतलं, आणि त्यात चमकी नव्हतीच. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दोनशेची नोट घेऊन आला.

ती नोट त्याच्या आजीच्या निराधारच्या पैशातली होती. आजीच संध्याकाळी काठी टेकत दुकानावर आली, भांडली नाही, एवढंच म्हणाली की "बाबू, याच्यात खायचं काई रायते का?" त्या दिवशी मी लड काढून आत ठेवली. फुकटचा संत होत नाही मी, उरलेली पेटी त्या माल टाकणाऱ्याला अर्ध्या भावात परत केली, नुकसान झालं, आणि फाट्यापलीकडच्या दुकानात ती पाकिटं आजही लटकून आहेत.

आता त्या काट्याची गोष्ट. पोरगा अगदीच चूक नव्हता. अस्सल पाकिटांच्या जुन्या काळात हे खरंच चालायचं, चमकीच्या कार्डाला वरून पातळ वर्ख असतो त्यामुळं पाकीट किंचित जड व्हायचं, आणि लोक काटा घेऊन दुकानात जायचे. पण आमच्या फाट्यावर येणारी पाकिटं मुळातच डुप्लिकेट. नावाचं स्पेलिंग चुकलेलं, रंग विटका, सोनेरी प्लास्टिकची तर सगळीच खोटी. अस्सल पोकेमॉनचं कार्ड कडेनं फाडून पाहिलं तर दोन कागदांच्या मधे काळपट थर दिसतो, मोबाईलचा टॉर्च मागून मारला तर उजेड सहज आरपार येत नाही. आमच्याकडच्या कार्डातून पलीकडचा टॉर्च, बोट आणि नख सगळं दिसते. म्हणजे आजीच्या पैशाचा जुगार तर जुगार, वर लॉटरीचं तिकीटही बनावट.

हो, मी त्याला जुगारच म्हणतो, इथं माझं आणि त्या चौकटीचं भांडण नाही. हिशेब करून पाहा. समजा सेट ५० कार्डांचा आहे आणि सगळी सारखीच छापली आहेत (तसं कोणी छापत नाही, पण समजा). एकेक कार्ड आंधळेपणानं घेत गेलं तर पूर्ण ५० जमायला सरासरी २२५ कार्डं घ्यावी लागतात. सुरुवातीला प्रत्येक पाकिटात नवीन निघते, पोरगं खूश, आणि शेवटी जे एकच राहिलेलं असते ना, त्या एकट्यासाठीच सरासरी ५० कार्डं, म्हणजे दहा पाकिटं, म्हणजे शंभर रुपये. अख्ख्या सेटचे साडेचारशे. आणि कंपनी जर एखादं कार्ड मुद्दाम कमी छापत असेल तर मग विचारूच नका. बेल्जियमनं २०१८ मधे व्हिडिओ गेममधल्या असल्या बंद पेट्यांना जुगाराच्याच कायद्यात टाकलं. आपल्याकडं २०२५ च्या ऑगस्टमधे संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, मोबाईलवरच्या रमीच्या जाहिराती गेल्या, चांगलंच झालं, आमच्या गावात दोघा जणांचे बैल त्या रमीत गेले होते. पण दहा रुपयाच्या कागदी पाकिटाकडं कोणी बघत नाही.

पण साहेब, पाकीट वेगळं आणि पत्ता वेगळा. शाळेनं जप्त केले ते पाकिटातले पत्ते नव्हतेच.

ही ट्रेडिंग कार्डाची भानगड सुरू कुठून झाली ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातच उत्तर आहे. अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड नावाचा गणितातला डॉक्टरेटवाला माणूस, त्यानं १९९३ साली मॅजिक द गॅदरिंग नावाचा खेळ काढला, विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं छापला. त्याची कल्पना अशी की पत्त्यांचा जोड सगळ्यांचा सारखा नसावा, ज्याचा त्यानं आपला आपण बांधावा. बावन्न पत्ते सगळ्यांना ठाऊक असतात, इथं समोरच्याच्या हातात काय आहे हे तर सोडाच, काय काय असू शकते हेच माहीत नसते. ६० पत्त्यांचा डेक, एकाच नावाचे चारपेक्षा जास्त नाहीत (जमिनीचे साधे पत्ते सोडून), वीस लाइफ, दर पाळीला एक जमीन टाकायची आणि त्या जमिनीच्या जोरावर बाकीचं. हो, जमीनच म्हणतात तिला. जमीन हाती आली नाही तर भारी भारी पत्ते हातात धरून बसून राहायचं, हे आम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आणि त्या पहिल्या नियमपुस्तकात एक नियम होता जो ऐकून त्या चौकटवाल्या पत्रकाराला आनंद होईल. खेळ सुरू करताना दोघांनी आपापल्या डेकमधला एक पत्ता न पाहता बाजूला काढायचा, जो जिंकेल त्याला दोन्ही. सरळ सरळ डाव लावणं. आपल्याकडं गोट्या खेळताना पोट्टे विचारतात ना, खऱ्यानं का खोट्यानं, तसं ते खऱ्यानं. लोकांनाच ते आवडलं नाही. ज्यानं महिनाभर जमवून डेक बांधला तो त्यातला नेमका पत्ता कशाला घालवेल. लवकरच तो नियम बाजूला पडला आणि डाव लावायचा उल्लेख असलेले पत्ते स्पर्धेत बंद झाले ते कायमचेच. पुढं १९९६ मधे जपानमधे पोकेमॉनचा पत्त्याचा खेळ आला त्यात सहा पत्ते बक्षीस म्हणून बाजूला ठेवतात, पण ते स्वतःच्याच डेकमधले. समोरच्याचं पोकेमॉन पाडलं की आपलाच एक पत्ता आपल्या हातात. समोरच्याचं काहीच घ्यायचं नाही. मला हे लय हुशारीचं वाटते, घेतल्याची मजा पूर्ण आणि कोणाचं गेलं काहीच नाही.

मला हे पुण्यात कळलं. रूममेट शुक्रवारी संध्याकाळी एका कॅफेत खेळायला जायचा, मी चहासाठी गेलो आणि अडकलो. त्याआधीची माझी पत्त्यांची इयत्ता म्हणजे कुस्तीवाले ट्रम्प कार्ड, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, ज्याचा आकडा मोठा त्याचं कार्ड. त्याच्या आधी चिप्सच्या पुड्यातले गोल टॅझो. आणि आमचे बाबा माचिसचे छाप जमवायचे, अजून एक वही आहे त्यांची, त्यातले वाघ आणि जहाजं मी कोणाला देणार नाही. म्हणजे जमवायची खोड मोबाईलवाल्या पिढीची नाही. पत्ते परदेशातून आले असंही कोणी म्हणू नये, सावंतवाडीची गंजिफा आपल्याच राज्यातली, गोल पत्ते, हातानं रंगवलेले, दशावताराचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा, असे १२०. ते घरात ठेवले तर कला, आणि आमच्या पोट्ट्यांनी बनवले तर जुगार.

पुण्यात मी पैसे घातले, लपवत नाही. कारण तिथं पहिले मला स्टँडर्ड नावाचा फॉरमॅट शिकवला. फॉरमॅट म्हणजे कोणते पत्ते चालतील आणि कसं खेळायचं याचा ठराव. स्टँडर्डमधे फक्त अलीकडच्या काही वर्षांचे संच चालतात, नवीन आले की जुने बाद. आमच्या भाषेत सांगतो, हे संकरित कपाशीचं बियाणं आहे. यंदा घेतलं, पुढच्या हंगामात ते ठेवून उपयोग नाही, परत कृषी केंद्रात लाइन लावा. दोन वर्षं मी लाइन लावली. मग एक जण भेटला तो म्हणे कमांडर खेळ. शंभर पत्ते, एक नाव एकदाच (साध्या जमिनी सोडून), चाळीस लाइफ, चार जण एका टेबलाला, जुनं काहीच बाद होत नाही. हा फॉरमॅट कंपनीनं नाही, खेळणाऱ्यांनीच काढलेला, कंपनीनं नंतर उचलला. पॉपर म्हणून अजून एक आहे, त्यात फक्त जे पत्ते सगळ्यात जास्त छापले जातात तेच चालतात, नावातच गरिबी. आणि ड्राफ्ट, हा माझा सगळ्यात आवडता. आठ जण गोल बसायचे, प्रत्येकाकडं (तेव्हाच्या) पंधरा पत्त्यांची तीन पाकिटं, एक फोडायचं, त्यातला एक पत्ता ठेवायचा आणि बाकीचे डावीकडं सरकवायचे, दुसऱ्या पाकिटाला उजवीकडं, तिसऱ्याला परत डावीकडं. शेवटी प्रत्येकाकडं ४५ पत्ते, त्यातून डेक बांधायचा. घरी कोणाकडं किती माल आहे याला शून्य किंमत. पाटलाचा पोरगा आणि सालदाराचा पोरगा एकाच पाकिटातून उचलतात.

ड्राफ्टमधे अडचण एकच, पाकिटं विकत आणावी लागतात. त्यावरही लोकांनी तोड काढली, क्यूब. आपल्याकडचे जुने पत्ते निवडायचे, आठ जणांसाठी ३६०, चार जण असतील तर १८०, नीट पिसून आपणच पंधरा-पंधराच्या गड्ड्या लावायच्या, खेळायचं, झालं की सगळे पत्ते परत डब्यात. डबा संपत नाही. हे म्हणजे घरचं सोयाबीन, चाळणी मारली, गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहिली आणि पेरलं.

तर त्या आजीच्या प्रकारानंतर तो पोरगा आणि त्याचे चार-पाच दोस्त पायरीवर येऊन बसायचेच, पाकीट नाही तर करायचं काय. मी माझा पुण्याचा डबा काढला. इंग्रजी पत्ते पाहून त्यांचं डोकं फिरलं, दोन दिवसात एक पोरगी म्हणाली, "काका, याच्यात आपल्या इकडचं काईच नाई. ड्रॅगन कायले पायजे, आमच्या वावरात रोही (नीलगाय) येते थेच लिहू ना." मी म्हटलं लिहा. तिथून सुरू झालं, दीड वर्षापूर्वी, आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिले १८० तयार झाले.

खेळ असा. वीस क्विंटल कापूस आधी जो जिनिंगवर नेईल तो जिंकला. डेकला ते कणगी म्हणतात आणि टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगाला उकिरडा. पत्ता वापरला की आडवा करायचा, त्याला त्यांचा शब्द "बैल बसला", पुढच्या पाळीला उभा करायचा, "बैल उठला". मॅजिकमधे याला टॅप म्हणतात, मला बैलच आवडला. सुरुवातीला पाण्याचे वेगळे पत्ते होते, मॅजिकच्या जमिनीसारखे, पण दर दुसऱ्या खेळात कोणी तरी रडायचंच, "मायं पाणीच येऊन नाई रायलं". मग त्यांनी ठरवलं की हातातला कोणताही पत्ता पालथा घालून विहिरीत टाकायचा, तेच पाणी. म्हणजे चांगला पत्ता पाण्यात घालायचा की ठेवायचा ही डोकेदुखी प्रत्येक पाळीला. मी त्यांना नंतर सांगितलं की जपानमधे २००२ साली ड्युएल मास्टर्स नावाचा खेळ आला त्यात जवळपास हाच नियम आहे. आठवीतला पोरगा म्हणे, त्यांनी आमचा चोरला.

पत्ते कसे आहेत एक-दोन सांगतोच, कारण शाळेनं ते उलटून पाहिले नाहीत. बोंडअळीचा पत्ता दुसऱ्याच्या वावरात पालथा टाकायचा. दर पाळीला त्यावर तुरीचा एक दाणा, तीन दाणे झाले की ती जागी होते आणि तीन क्विंटल खाते. ज्याच्याकडं कामगंध सापळा आहे त्याला ती उलटून पाहता येते आणि तीन दाणे व्हायच्या आधी निंबोळी अर्क टाकता येतो. तीनच का, तर एकाच्या बापाला कृषी सहायकानं सांगितलेलं, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की समजायचं पातळी ओलांडली. ते पोट्ट्यानं बरोबर उचललं. ढाल किडा मावा खातो, झटका मशीन रोही आणि डुक्कर दोन्ही अडवते पण पाणी लागते तिला (बॅटरी चार्ज, असं त्यांचं म्हणणं). आणि त्या पोरीनं बनवलेला पत्ता, "आजी". त्यावर लिहिलंय, उकिरड्यातून कोणतंही एक कार्ड परत हातात घ्या. मी विचारलं का गं, तर म्हणे, आमची आजी फेकलेलं सगळंच परत घरात आणते.

डिझाईन हे किती अवघड काम आहे ते फरदडच्या (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेल्या कपाशीच्या) पत्त्यानं शिकवलं. पहिल्या आवृत्तीत फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही दर पाळीला दोन क्विंटल, फुकटात. साहजिकच ज्याच्या गड्डीत फरदड तो जिंकला, ड्राफ्टमधे पहिला हात तिच्यावरच. मोठ्यामोठ्यांच्या हातून हे झालंय, मॅजिकच्या पहिल्याच संचात ब्लॅक लोटस नावाचा पत्ता होता, काही खर्च न करता एकदम तीन जमिनींएवढी ताकद देणारा, आज तो एका व्हिंटेज फॉरमॅटमधे एकच ठेवू देतात, बाकी जवळपास सगळीकडं बंद. आमच्या पोट्ट्यांनी आठवडाभर भांडून फरदड बंद करायची ठरवली, मग एकानं सुचवलं की बंद नको, फरदड वावरात असेपर्यंत बोंडअळीवर एकाऐवजी दोन दाणे पडतील. पत्ता एकदम बसला. आणि साहेब, हेच तर २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भ झोपवला तेव्हापासून कृषीवाले सांगून रायले, डिसेंबर-जानेवारीच्या पुढं कपाशी उभी ठेवू नका, अळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळते. बॅनर लावून जे माझ्या चुलत्याच्या डोक्यात गेलं नाही ते या पोट्ट्यांना दोन दाण्यांत समजलं. चुलता अजून फरदड ठेवते, ते वेगळं.

पत्ते कशाचे केले हेही सांगतो, कारण त्यात एक चोरी पकडली गेली. माप नेहमीचं, ६३ बाय ८८ मिलीमीटर, ए-फोर कागदावर बरोबर नऊ बसतात, म्हणजे १८० साठी वीस पानं. कागद पातळ म्हणून मागून पुठ्ठा पाहिजे, आणि गावात जाड पुठ्ठा फुकटात एकाच ठिकाणी मिळतो, उरलेल्या लग्नपत्रिका. लोक पाचशे छापतात आणि वाटतात तीनशे. एका लग्नाचा अख्खा गठ्ठा मिळाला, एका पत्रिकेतून दोन पत्ते, कोपरे नेलकटरनं गोल केले. झालं काय की अर्ध्या पत्त्यांच्या पाठीवर गणपती आला आणि अर्ध्यांवर चि. सौ. कां. आठ दिवस एकच पोरगा जिंकत होता, कोणाला कळेना. शेवटी आजीवाल्या पोरीनं पकडलं, यानं चिकटवताना सगळे भारी पत्ते गणपतीच्या पाठीवर चिकटवलेले, समोरच्याच्या हातात काय आहे ते पाठीवरूनच समजायचं. जुगाराच्या अड्ड्यावर यासाठी डोकी फुटतात. इथं त्याला शिक्षा मिळाली की सगळ्या १८० पत्त्यांना वह्यांच्या खाकी कव्हरची एकसारखी पाठ त्यानंच लावायची. त्यानं लावली, तीन दिवस बसून, माझा डिंक संपवला.

आता शाळेचं. मी एकतर्फी लिहीत नाही, शाळेला संशय यायला कारण होतं. पोळ्याच्या आधी दोन पोट्टे मैदानामागं जुन्या पाकिटातल्या कार्डांवर खऱ्यानं खेळत होते, हरला त्यानं कार्ड द्यायचं, एक रडत वर्गात गेला. सरांनी सगळ्यांची दप्तरं तपासली. त्यात डबा सापडला, आमचा १८० चा, आणि तो गेला ऑफिसच्या कपाटात. मी भेटायला गेलो, शांतपणे सांगितलं की सर हे पाकिटातले नाहीत, लेकरांनीच बनवलेत, एक उलटून तर पाहा. उत्तर मिळालं, पत्ते ते पत्ते. दुसऱ्या दिवशी कोणी तरी तुमच्या वार्ताहराला फोन केला आणि चौकट आली. शाळेचं नाव मी लिहीत नाही, तुम्हीही छापू नका, सर माणूस म्हणून वाईट नाहीत, पोळ्याच्या धाडीत त्यांचा सख्खा भाऊ होता म्हणून ते जरा जास्तच भडकलेले होते असं गाव म्हणते.

पण मला सांगा, ज्या डब्यातला एकही पत्ता कोणाच्या मालकीचा नाही त्यावर जुगार खेळणार कसा? खेळ झाला की सगळे पत्ते डब्यात, डबा वाचनालयात. जिंकणाऱ्याला काय मिळते तर पुढच्या वेळी पहिली गड्डी फोडायचा मान. रडणारा पोरगा रडला तो पाकिटातल्या कार्डासाठी, आणि ती पाकिटं शाळेच्या गेटपासून पन्नास पावलांवर आजही दहा रुपयाला मिळतात. तिथं कोणी गेलं नाही. तिथं जाऊन चौकट छापा ना.

तर विनंती दोन. एक, शाळेला, या पत्रातून, की डबा वाचनालयाला परत द्यावा. शाळेतच ठेवायचा असेल तरी चालेल, शनिवारी दप्तराविना दिवशी काढा, सरांनीच पहिला डाव खेळावा, बोंडअळी त्यांच्या वावरात मी सांगून टाकायला लावतो.

दुसरी आपल्याला. रविवारच्या पुरवणीत लेकरांचं पान असते, त्यात कोडं आणि ठिपके जोडा. महिन्यातून एकदा त्या पानावर नऊ चौकोन छापा, ६३ बाय ८८ चे, पाच आमच्या पोट्ट्यांनी बनवलेल्या पत्त्यांचे आणि चार कोरे. कोऱ्यात ज्या त्या गावच्या पोरांनी आपलं लिहावं, मेळघाटचे सागवान आणि अस्वल टाकतील, भंडाऱ्याचे तळं आणि धानाचा तुडतुडा, बुलडाण्याचे लोणार टाकल्याशिवाय राहणार नाहीत. चांगले आले ते पुढच्या महिन्यात छापा. वीस महिन्यात १८० होतात, पेपरच्या किमतीत, कुठलंच पाकीट न फोडता. आमची पोट्टे नियमाचं एक पान लिहून द्यायला तयार आहेत, फक्त "बैल बसला" बदलू नका म्हणतात.

मागच्या बाजूला निविदा छापा का जाहीर नोटीस छापा, चालते. पाठीला आम्ही खाकी कव्हरच लावतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ